दुसरा मॉनिटर

लागला एकदाचा. आनंद व्हायला पाहिजे होता.

दादा पुण्याला जाताना ठेवून गेलेला हा मॉनिटर. त्याला फक्त निळी व्हीजीए, वायर जोडायची १९८७ सालातली सोय, आणि माझ्या सीपीयूला मोकळं एचडीएमआय, नवीन पद्धतीचं. नुसती वायर चालत नाही. एकीकडं डिजिटल, दुसरीकडं ॲनालॉग, मधे कन्व्हर्टर लागतो. माझ्यासारखाच दुभाषी! खडेबाजारातनं आणला. पंधरातली एक पिन वाकली होती, ती आईच्या सुईनं हळूच उभी केली. विंडोज आणि पी दाबून 'एक्स्टेंड' केलं, तर मॉनिटर उजवीकडं आणि माउसचा बाण डावीकडनं पळायला लागला. सेटिंगमध्ये दोन नंबरचा चौकोन ओढून उजवीकडं ठेवला, तेव्हा सरळ आला.

आता डावीकडं माझं मराठी भाषांतर, उजवीकडं कन्नड पहाणी, म्हणजे कर्नाटकातला सातबारा.

तेवढ्यात बाबा चष्मा पुसत आले. "काय गे, वाचू काय?"

"नको, दिसतंय की इथंच."

"बरं."

स्टूल उचललं आणि कट्ट्यावर जाऊन बसले.

ते 'बरं' दुपारपासून डोक्यातनं जाईना. मी काय वाईट बोलले? सर्व्हे नंबर, हिस्सा, एकर-गुंठे, नवव्या रकान्यातली नावं, सगळं ते वाचायचे, मी टाइप करायची. ओळखीचं आडनाव आलं की त्या घराची अर्धी गोष्ट सांगायचे आणि मी वैतागायची. आज सात पानं झाली, एरवी चार होतात. मग? लोक आता मोबाइलवरच भाषांतर करून घ्यायला लागलेत... तो विषय आज नको. पण चहा दिला तर वर न बघता "ठेव". रागावलाय तर बोला की! मीच बघायचं, मीच जोडायचं, वर मीच वाईट.

साडेसातला लाईट गेली. यूपीएसवर सीपीयू आणि पहिला मॉनिटर. दुसरा नुसता भिंतीच्या बोर्डात खोचलेला. कन्नड सगळं अंधारात.

कट्ट्यावरनं आवाज आला, "कुठवर आलंय?"

"अकराव्या रकान्यात."

स्टूल आत आलं. मोबाइलच्या बॅटरीत कागद धरून बाबा वाचायला लागले आणि कर्जाच्या बोज्यापाशी थांबलेच. हे कर्ज कशापायी काढलं ते त्यांना माहीत. यूपीएस टुकटुक करत होता, दहा मिनिटांचा जीव त्याचा, आणि गोष्टीतली विहीर अजून खणून व्हायची होती.

दुसऱ्या मॉनिटरची वायर यूपीएसपर्यंत पुरत नाही. लांब आणायला पाहिजे. आणू की सावकाश.