उन्हातली एमटीबी रेस: चढावर वारा लागत नाही

ठाण्यात किंवा नवी मुंबईत मार्च ते मेमध्ये एमटीबी (माउंटन बाइक) रेस असली की बहुतेकजण आदल्या दिवशी मोबाइलवर तापमान बघतात. 36 दिसलं की हायसं वाटतं, कारण त्याच दिवशी नागपुरात 43 असतं. हा हिशेब चुकीचा आहे आणि दरवर्षी लोकांना महागात पडतो.

नागपुरात 43 अंश तापमान आणि 15 टक्के आर्द्रता असेल, तर ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीवर पारा 23 च्या आसपास राहतो. ठाण्यात 36 अंश आणि 55 टक्के आर्द्रता असेल, तर तोच पारा 28 च्या वर जातो. घाम सुकायला हवेत किती जागा उरली आहे, ते हा ओल्या फडक्याचा आकडा सांगतो: आकडा जितका वर, तितकी जागा कमी. हवामान खातंही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात 40 अंशांची मर्यादा धरतं आणि किनारपट्टीला 37 ची. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मोकळ्या मैदानात नुसत्या बसलेल्या लोकांना उष्माघात झाला, मृत्यूही झाले, आणि पारा तेव्हा चाळिशीच्या आतच होता. आपण तर त्या हवेत चढ चढणार असतो.

आता शरीराचा हिशेब. 200 वॅटने पेडल मारताना शरीर साधारण 900 वॅट ऊर्जा खर्च करतं. त्यातले 200 पेडलपर्यंत पोचतात आणि बाकीच्या 700 ची उष्णता होते. म्हणजे छोटी इस्त्री पोटात चालू ठेवल्यासारखं. तासाभरात एक लिटर घाम पूर्ण सुकला तर जवळपास तेवढीच उष्णता बाहेर नेतो. अट एकच, तो अंगावर सुकला पाहिजे. कोपरावरून टॉप ट्यूबवर, म्हणजे सायकलच्या वरच्या दांडीवर, टपकलेला थेंब पाणी आणि मीठ घेऊन जातो, उष्णता मागे ठेवून.

म्हणून सगळा प्रश्न वाऱ्याचा आहे. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर ताशी 30 किलोमीटरने जाताना वारा आपोआप मिळतो. खारघर टेकडीच्या चढावर वेग 8 ते 10 वर येतो, जोर मात्र जास्त लागतो. त्यात खाडीकडून येणारा वारा पाठीवर असेल आणि त्याचा वेगही ताशी 10 किलोमीटर असेल, तर तुमच्याभोवतीची हवा जागच्या जागी थांबलेली असते. मागून वारा आला म्हणून चढ सोपा वाटतो, आणि नेमका तिथेच माणूस तापतो. समुद्रावरचं वारं सकाळी उशिरा सुटतं. पूर्वेकडून कोरडे वारे जोरात असले की ते दुपारपर्यंत लांबतं, आणि आपल्याकडचे सगळ्यात तापलेले दिवस हेच असतात. रेसच्या आदल्या संध्याकाळी तापमानाआधी वाऱ्याची दिशा आणि आर्द्रता बघा.

पहिल्या चढावर हिवाळ्यातल्या वॅटेजपेक्षा निदान 10 टक्के खाली राहा. पेडलवरचे वॅट मोजणारा पॉवर मीटर नसेल तर नुसत्या हार्टरेटवर चालू नका. उन्हात त्याच जोराला हार्टरेट सहज 10 ठोक्यांनी वर जातो आणि तासाभराने आणखी सरकतो. खरी खूण श्वासाची: पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर पहिल्या फेरीसाठी तो वेग जास्त आहे. एकदा शरीराचं तापमान वर गेलं की चढावर वेग कमी करून ते सहजासहजी उतरत नाही. सुरुवातीला गमावलेली 40 सेकंदं शेवटच्या फेरीत परत मिळतात, पहिल्या चढावरचा अतिरेक मात्र भरून निघत नाही.

पाणी पिण्याइतकंच ओतणंही महत्त्वाचं. साध्या पाण्याची एक बाटली केवळ ओतण्यासाठी ठेवा आणि तिच्यावर रंगीत टेप लावा, नाहीतर घाईत साखरेचं पाणी डोक्यावर जातं. चढ सुरू होण्याआधी मान आणि डोकं भिजवा. माथ्यावर पोचल्यावर हात, मांड्या आणि छाती भिजवा, म्हणजे उतारावरच्या वाऱ्यात ते पाणी सुकतं आणि त्याचा पुरा फायदा मिळतो. कपाळावर सनस्क्रीन लावू नका, घामाबरोबर डोळ्यांत उतरतं. पाणी ओतताना ग्रिप कोरड्या राहतील हे बघा.

दमट दिवशी बर्फ पाण्यापेक्षा भारी, कारण त्याला सुकायची गरज नसते. वितळतानाच तो उष्णता ओढून घेतो. पातळ नायलॉनच्या मोज्यात दोन मुठी बर्फ भरून गाठ मारायची आणि जर्सीच्या आत, मानेखाली ठेवायचा. रेसच्या अर्धा तास आधी किलोमागे 7 ग्रॅम या हिशेबाने, म्हणजे 60 किलोच्या माणसाने 400 ग्रॅमच्या आसपास, मिक्सरमधून काढलेला बर्फाचा चुरा लिंबू-साखर-मीठ घालून हळूहळू खाल्ला तर सुरुवातच थोड्या थंड शरीराने होते. हा प्रयोग आधी सरावात करून बघायचा, काहींच्या पोटात कळ येते.

किती प्यायचं हे वजनकाट्यावर ठरतं. समजा दीड तासाच्या सरावाआधी वजन 68.0 किलो, नंतर 66.6, आणि मधे दीड लिटर पाणी प्यायलात. म्हणजे घाम 2.9 लिटर गेला, तासाला जवळपास 1.9. आतडी तासाला साधारण लिटरभरच पाणी शोषतात आणि दगडधोंड्यांवर हादरे बसत असताना त्याहूनही कमी. त्यामुळे गेलेलं सगळं भरून काढायचा हट्ट नको. तासाला 600 ते 900 मिलिलिटर, छोट्या घोटांनी, बस.

750 मिलिलिटरच्या बाटलीत 40 ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ आणि अर्धं लिंबू. मीठ स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर मोजा. चिमूट प्रत्येकाची वेगळी. एवढ्या मिठातून साधारण 590 मिलिग्रॅम सोडियम मिळतं. ज्यांच्या काळ्या जर्सीवर वाळल्यावर पांढरे डाग पडतात त्यांनी मीठ दोन ग्रॅम करावं. कोकमाचं आगळ वापरत असाल तर त्यात मीठ असतंच, वरून घालू नका. ओआरएसच्या लिटरभर पाण्यात सोडियम भरपूर, पण ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम. तेवढ्यावर रेस चालत नाही. ते रेसनंतरसाठी ठेवा आणि लिटरचं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये कधीही कालवू नका. याउलट तीन तास नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं: डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजून ग्लोव्ह्ज घट्ट होतात. अशा वेळी आणखी पाणी देणं धोक्याचं.

बाटली गोठवायची तर साध्या पाण्याची, अर्धी भरून, आडवी ठेवून. साखर-मिठाचं पाणी गोठवलं की आधी गोडमिट्ट वितळतं आणि शेवटी नुसतं पाणी उरतं. खाण्यात मीठ लावलेला उकडलेला बटाटा आणि बी काढलेला खजूर उत्तम. राजगिऱ्याचा लाडू कोरड्या घशात अडकतो.

सायकलही तापते. सकाळी 25 अंशांना 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेल्या टायरमधली हवा 45 अंशांना पोचली की काटा 27 च्या पुढे जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून वर. आपल्या टेकड्यांवरच्या सुट्या मुरमावर हे दोन-तीन पीएसआय पुढचं चाक सटकवायला पुरेसे आहेत. हवा स्टार्ट लाइनजवळ, सायकल तिथल्या हवेत अर्धा तास राहिल्यावर, तपासा. पुढच्या फोर्कमधल्या, म्हणजे शॉकमधल्या, हवेचंही तसंच: 80 पीएसआयचे 85-86 होतात, सॅग (आपण बसल्यावर फोर्क जितका दबतो तेवढं अंतर) कमी होतो, शिवाय तेल पातळ झाल्याने रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर येणं) जलद होतो. सॅग दुपारी मोजा आणि रिबाउंड एक क्लिक घट्ट करा.

ट्यूबलेस टायरमधलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) उन्हाळ्यात महिन्याभरातच घट्ट होतं. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आणून चाक हलवा; आतून खळखळ ऐकू आली नाही तर 60 मिलिलिटर भरा. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड (एक प्रकारचं ब्रेक ऑइल) असेल तर कोकणच्या दमट हवेत ते पाणी शोषतं. त्यातल्या डॉट 4 प्रकाराचा नवा असताना उत्कलनबिंदू निदान 230 अंश असतो, ओलावा शिरल्यावर तो 155 पर्यंत उतरू शकतो, मग लांब उतारावर ते उकळतं आणि लिव्हर हँडलबारला टेकतो. पावसाळा संपल्यावर एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा ब्लीड करा, म्हणजे जुनं फ्लुइड काढून नवं भरा. मिनरल ऑइलला हा त्रास नाही, पण लिव्हरजवळची तेलाची टाकी काठोकाठ भरलेली असेल तर उन्हात तेल फुगून ब्रेकचे पॅड रोटरला (चाकाच्या डिस्कला) घासत राहतात.

एप्रिलमधल्या जंगलाबद्दलही एक गोष्ट. सागाची पानं तोवर गळलेली असतात, त्यामुळे नकाशावर जंगल दिसलं तरी सावली मिळेलच असं नाही, आणि परातीएवढ्या वाळल्या पानांखाली दगड लपतात. वळणावर पानांवरून जाताना पुढचा ब्रेक आधीच सोडलेला असावा. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. आतल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालू नका, आणि बिबट्याच्या जंगलात अंधारात एकट्याने सराव नकोच.

उन्हाची सवय लागायला 10 ते 14 दिवस लागतात. दिवसभर एसीत बसणाऱ्याने रोज 60 ते 90 मिनिटं, सुरुवातीचे तीन दिवस अगदी हलक्या जोराने, उन्हात चालवावी. घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. रेसआधीचे दोन दिवस मात्र सावलीत काढा. सोडून दिलं की दोन-तीन आठवड्यांत ही सवय जाते.

धोक्याची खूण चक्कर किंवा पेटके नव्हे. त्यावर सावली, पाय वर आणि थंड पेय पुरतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडला, सरळ वाटेवर भरकटला, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरीही. तोंडात पाणी ओतू नका. 108 ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. हेल्मेट आणि जर्सी काढा, त्याला ताडपत्रीवर निजवा, चौघांनी कडा उचलून धरा आणि आत बर्फ-पाणी ओतून ढवळत राहा, डोकं बाहेर ठेवून. शरीराचं तापमान पहिल्या अर्ध्या तासात 40 च्या खाली आलं पाहिजे. ताडपत्री नसेल तर ओले टॉवेल सगळ्या अंगावर टाका, दर दोन-तीन मिनिटांनी बदला आणि जोरात वारा घाला. आयोजकांकडे 50 किलो बर्फ आणि एक ताडपत्री आहे का, हे रेसचा नंबर घेतानाच विचारा. नसेल तर आपल्या ग्रुपच्या गाडीत ठेवा.