आमची वाटचाल : उत्तर नसलेली पेटी

आम्ही शाळांसाठी विज्ञानाच्या प्रयोगपेट्या बनवतो. त्यातल्या लंबकाच्या पेटीत मेण लावलेला दोरा, १२ एमएमचे सहा नट, तारेचा एक आकडा, कागदाची मोठी क्लिप, कोन आखलेला पुठ्ठा आणि अंदाज-कार्डं असतात. उत्तरपत्रिका नसते. ती घाला म्हणून आम्हाला अनेकांनी सांगितलं. न घातल्यामुळे आमचं दुकान बंद पडायची वेळ आली, तरी आजही ती पेटीत नाही.

दोरा मोची वापरतात तो आहे. शिवणाचा दोरा वजनानं ताणतो, त्याचा पीळ सुटतो आणि नट स्वतःभोवती गरगरत राहतात. दोरा खिळ्याला गुंडाळला तर टेकू सरकतो, म्हणून लाकडी पट्टीच्या टोकाला क्लिप लावायची आणि पट्टीवर भरलेलं दप्तर ठेवायचं. पट्टी हलली की आकडेवारी गेलीच म्हणून समजा. लांबी क्लिपच्या कडेपासून नटांच्या मध्यापर्यंत मोजायची, आकड्यापर्यंत नाही.

तारेचा आकडा ही पेटीतली सर्वांत स्वस्त वस्तू, पण पेटीचा सगळा जीव त्यातच आहे. दोरा २५ सेंटिमीटरचा असेल तर २० आंदोलनांना (जाऊन परत येणाऱ्या पूर्ण झोक्यांना) साधारण २० सेकंद लागतात. तीन नट एकाखाली एक बांधले की वजनाचा मध्य सुमारे २ सेंटिमीटर खाली जातो आणि वेळ २१ सेकंदांच्या जवळ पोचते. मुलं लिहितात, ‘वजन वाढलं की झोका मंदावतो.’ मोजमाप चोख, निष्कर्ष साफ चूक. मग तेच तीन नट एकाच आकड्यात शेजारी-शेजारी अडकवायला सांगायचं आणि दोऱ्याची लांबी पुन्हा जुळवून घ्यायची. वेळ परत २० वर येते. आता वर्गाला एकच प्रश्न विचारायचा : पहिल्यांदा तुम्ही किती गोष्टी बदलल्या होत्या? चिकित्सक विचार यावर भाषण देऊन जे साधत नाही, ते या तारेच्या तुकड्यानं एका तासिकेत साधतं.

आमच्याच शहरातल्या एका मोठ्या पुरवठादारानं आमच्यासारखीच पेटी काढली आणि किंमत पाडली. त्याच्या पेटीत निरीक्षणांचा तक्ता आधीच भरलेला, निष्कर्ष छापलेला, वर रंगीत प्रमाणपत्र. मुलांनी फक्त वहीत उतरवून घ्यायचं. आम्हाला ठरलेली मोठी ऑर्डर देणाऱ्या संस्थेनं ऐन मे महिन्यात ती रद्द केली आणि त्याच्याकडून माल उचलला. ‘पालकांना काहीतरी दिसायला हवं,’ एवढंच कारण मिळालं. आमचा दोरा कापून झाला होता, आकडे वाकवून झाले होते, आणि कार्डांवर त्या शाळांची नावं छापलेली असल्यामुळे माल दुसऱ्या कुणाला विकताही येईना. पुण्याच्या बोहरी आळीतली नटांची उधारी थकली. त्या पुरवठादाराच्या पेट्या आजही शाळांच्या कपाटांत दिसतात, बहुतेक सील न फोडलेल्या. याचा सल अजून आहे आणि तो लपवावा असं आम्हाला वाटत नाही.

आम्ही तगलो ते भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या एका बाईंमुळे. त्यांनी आमची पेटी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत नेली आणि इतर शिक्षकांना खाली बसवून नट मोजायला लावले. मग एकेक शाळा सादिलमधून (किरकोळ खर्चासाठी शाळेला मिळणाऱ्या पैशांतून) दोन-दोन पेट्या घेऊ लागली. अंदाज-कार्डही त्यांचंच. प्रयोगाआधी प्रत्येकानं आपला अंदाज आणि त्यामागचं कारण लिहायचं, तेही पेनानं. पेन्सिल दिली की उत्तर कळल्यावर मुलं अंदाज खोडतात, आणि आपलं मत पुराव्यामुळे बदललं हे त्यांना कधी दिसतच नाही. रद्द झालेल्या ऑर्डरच्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही हेच छापलं आणि पडून राहिलेला माल मार्गी लावला.

शिक्षकांना काही सांगायचं आहे, कुणी विचारलं नसलं तरी. गट चौघांचाच ठेवा : एक सोडणारा, एक मोजणारा, एक घड्याळवाला, एक लिहिणारा. घड्याळ सुरू होताना ‘शून्य’ म्हणायला लावा. ‘एक’पासून सुरुवात केली की दहाच्या जागी नऊच आंदोलनं मोजली जातात आणि १ मीटर दोऱ्याला २० ऐवजी १८ सेकंद येतात. झोका १५ अंशांच्या आत सोडा. ६० अंशांवरून सोडला तर वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि मग नेमकं काय तपासलं तेच कळत नाही. मोबाइलचं घड्याळ शतांश सेकंद दाखवतं, पण दाबणाऱ्या बोटाला तेवढी अचूकता नसते. २०.४७ हा आकडा वहीत आला तर त्यातल्या ७ वर किती भरवसा ठेवायचा ते मुलांनाच विचारा. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एका रेषेवर ठिपक्यांनी मांडा. एखादा ठिपका लांब पडला तर तो पुसू नका, त्या गटाला पुन्हा मोजू द्या आणि दुसऱ्या गटाला शेजारी उभं करा. तोवर ‘बरोबर’ हा शब्द तोंडातून काढू नका.

यात आम्ही नवीन काही शोधलेलं नाही. मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली १६ शाळांत सुरू झाला. त्यात मुलं प्रयोग करून शिकत आणि परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा असे. २००२ मध्ये शासनानं तो बंद केला. स्वस्त सामानातून विचार शिकवता येतो, हे त्या लोकांनी आमच्या कितीतरी आधी करून दाखवलं होतं.

सध्या मूग रुजवून पाहायच्या पेटीवर काम चाललं आहे. एका वाटीत दहा दाणे, अशा चार वाट्या, प्रत्येकीत सारखाच कापूस आणि चमच्यानं मोजलेलं पाणी. अडतं ते अंधारात ठेवायच्या वाटीपाशी. खोक्याखाली ठेवली की उजेड जातो, पण ओलही टिकते आणि उष्णताही बदलते, म्हणजे पुन्हा एकाच वेळी तीन बदल. आता उजेडातल्या वाटीवरही तेवढंच खोकं ठेवतो, पण त्याच्या वरच्या बाजूला खिडकी कापून पारदर्शक कागद चिकटवतो. उन्हात हे खोकं आतून जास्त तापतं, म्हणून दोन्ही वाट्या सावलीत ठेवायच्या, ही ओळ कार्डावर ठळक छापणार आहोत.