उभ्या गाडीची क्रँक : जावा २५० चा माझा अनुभव

जुन्या जावा मोटरसायकलच्या इंजिनातून ठकठक यायला लागली की आमच्या रत्नागिरीत जो तो सांगतो, “पिस्टन मारतंय, बोअर करून टाक.” म्हणजे सिलिंडर रुंद करून मोठा पिस्टन घाल. मलाही हेच सांगितलं गेलं. पण पिस्टनचा आवाज इंजिन गार असताना मोठा असतो आणि तापल्यावर दबतो. माझ्या गाडीचं उलट होतं. किक मारली की शांत, आणि परटवण्याचा चढ चढून इंजिन तापलं की पायाच्या तळव्याला जाणवेल असा जाड ठोका. म्हणून बोअरचे पैसे खिशातच ठेवले.

गाडी १९७०ची, काकांची. म्हैसूरच्या आयडियल जावाने बनवलेली, ६५ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ७५ चा स्ट्रोक (पिस्टनची धाव). काका ठाण्याला गेल्यावर ती पडवीत बरीच वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. हे उभं राहणं पुढे महत्त्वाचं ठरलं.

जावाची एक गोष्ट मला फार आवडते. तिचा वीज बनवणारा डायनॅमो क्रँकच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणाऱ्या दांड्याच्या, उजव्या टोकावरच बसतो. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंटही तिथेच. त्यामुळे इंजिन न खोलता क्रँकची नाडी बघता येते. पॉइंटची गॅप ०.४ मिलिमीटरला लावली, इंजिन चार वेळा फिरवलं, की गॅप बदललेली. मग डायनॅमो काढला. आर्मेचर (क्रँकबरोबर फिरणारा भाग) सगळीकडून घासलेलं होतं, पण भोवतालच्या न फिरणाऱ्या पोलवर मात्र एकाच बाजूला चकचकीत रेघा. शाफ्ट वाकला असता तर आर्मेचर एकाच जागी घासलं असतं आणि पोल सगळे. म्हणजे शाफ्ट सरळ, क्रँक ज्यावर फिरते ते मेन बेअरिंग ढिलं. शिवाय गिअरबॉक्सचं तेल गळती नसताना कमी होत होतं आणि धूर पांढरा. डावीकडचं क्रँक सील (तेल अडवणारी कडी) गेलं की गिअरबॉक्सचं तेल इंजिन आत ओढतं आणि जाळतं. धूर बघून कुणी टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल) कमी घालायला सांगतं, तसं करू नये. बिचाऱ्या बेअरिंगला तेवढाच काय तो आधार असतो.

हेड आणि बॅरल उतरवल्यावर बिग एंड (कनेक्टिंग रॉड क्रँकला जिथे जोडतो ते खालचं टोक) तपासायची रीत अशी : पिस्टन अगदी वर आणायचा, फ्लायव्हील (क्रँकची जड चाकं) धरून ठेवायचं आणि कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघायचा. बरेच जण तो डावी-उजवीकडे हलवतात आणि ‘गेली’ म्हणून मोकळे होतात. तेवढी हालचाल तर असायलाच हवी. वर-खाली मात्र काही लागता कामा नये. माझ्याकडे बोटांना स्पष्ट ‘टक्’ लागत होतं.

इंजिन उघडून क्रँक घेऊन मिरकरवाड्याला गेलो. बंदराजवळ एक चाचा होड्यांचे शाफ्ट लेथवर करतात. त्यांनी प्रेसवर क्रँक वेगळी केली, दोन फ्लायव्हील जोडणारी, बिग एंडचे रोलर ज्यावर फिरतात ती पिन पुसली आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “बेटा, ही धावून नाय गेली. बसून गेली.”

पिनवर सारख्या अंतराने बारीक खड्डे होते, जिथे जिथे रोलर टेकून राहिले होते अगदी तिथे. तेलावाचून गेलेली पिन निळसर पडते. ही तशी नव्हती, आडव्या गंजलेल्या ओळींची होती. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा. टू-स्ट्रोकच्या क्रँककेसमध्ये तेलाचा साठा नसतो, पेट्रोलबरोबर येईल तेवढाच ओलावा. पेट्रोल उडून जातं, सिलिंडरच्या भिंतीतल्या उघड्या पोर्टमधून दमट हवा आत शिरते, आणि पोलादाला दुसरं काय लागतं? आता तर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल, तेही पाणी ओढून घेणारं.

जोडणी करायला मात्र चाचांनी साफ नकार दिला. “होडीच्या शाफ्टला चालतं ते हिला नाय चालायचं. कोल्हापूरला जा.”

आंबा घाट चढून उद्यमनगरात गेलो. तिथल्या कारागिराने मी नेलेल्या नव्या किटकडे (पिन, रोलर वगैरेंचा संच) बघितलंही नाही. आधी फ्लायव्हीलचं भोक मोजलं. “पावणं, ही आधी एकदा कुणीतरी खोललीय बघा. एका बाजूचं भोक मोठं झालंय. किटची पिन घातली तर चार दिवसांत फिरंल.” पिन नुसत्या दाबावर बसते, ना नट ना किल्ली. ढिली झाली की दोन्ही फ्लायव्हील एकमेकांवरून सरकतात. काही ठिकाणी अशा वेळी वेल्डिंगचा टाका मारून देतात. पुढच्या वेळी ती क्रँक भंगारातच जाते. यांनी टोकाला जाड अशी पिन बनवली, हार्डनिंग करून ग्राइंड केली, रोलरच्या जागेचं माप मात्र किटचंच ठेवलं.

पिन दाबून झाली की काम संपलं असं मला वाटलं होतं, खरा वेळ तर पुढे लागला. क्रँक सेंटरवर धरून दोन्ही टोकांना डायल गेज, काटा जिथे चढेल तिथे खडूची खूण आणि तांब्याच्या हातोड्याचा एकच ठोका. परत फिरव, परत बघ. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत येईपर्यंत ते कुणाशी बोलले नाहीत.

बेअरिंग घरीच बसवली. क्रँककेस ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या आसपास तापवली, क्रँक प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये सुरमईशेजारी. आईची बोलणी खाल्ली, पण हातोडीची गरज पडली नाही. सील दोन्ही नवीन.

गाडी आता लिटरभर पेट्रोलला ४० मिली तेलावर चालते आणि पॉइंटची गॅप लावली तिथेच राहते. मिरगाच्या आधी तेल जरा जास्त घालून एक फेरी मारतो, मग पेट्रोलचा नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालवतो. प्लगच्या भोकातून थोडं टू-टी ऑइल सोडतो आणि पिस्टन मधोमध उभा करतो. तिथे इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही पोर्ट बंद असतात. पावसाळ्यात अधूनमधून किकने सावकाश फिरवायची, रोलर नव्या जागी बसवायचे आणि पिस्टन परत मध्यावर आणायचा.