सर, आमचा पोरगा एवढासा...

"सर, आमचा पोरगा एवढासा. रग्बीत त्याचा निभाव लागेल का?" दर जूनमध्ये नाव नोंदवायला आलेले आईबाप हे विचारतातच. मैदानाच्या कडेला उभ्याउभ्या उत्तर देणं मला कधी जमलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगतो, आणि त्यासाठी टेडी मॉर्गनपासून सुरुवात करावी लागेल.

मॉर्गन वेल्सचा. 1880 साली ॲबरडेअरच्या कोळसा-लोखंडाच्या मुलखात जन्मला, लंडनच्या गाइज हॉस्पिटलात डॉक्टरकी शिकला, लंडन वेल्श संघाकडून खेळला. चणीने लहान, पायांत मात्र वारा. त्याची जागा विंगरची, म्हणजे अगदी कडेची. बाहेरून ती सोपी वाटते, पण तिथला गडी बराच वेळ नुसता वाट पाहत असतो. चेंडू हाती येतो तेव्हा एका अंगाला सीमारेषा, दुसऱ्या अंगाने झेपावणारा दांडगा प्रतिस्पर्धी आणि मधे चार हातांची पट्टी. खो-खो खेळलेल्यांना हे लगेच कळेल. क्षणभर मागेपुढे पाहिलं की संपलं.

1904 मध्ये ब्रिटनचा संघ ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा कर्णधार बेडेल-सिव्राइट जखमी झाल्यावर संघाची सूत्रं या लहानखुऱ्या विंगरकडे आली. पण त्याचं नाव राहिलं ते पुढच्या वर्षीच्या एका दुपारमुळे.

16 डिसेंबर 1905, कार्डिफ आर्म्स पार्क. न्यूझीलंडचा संघ त्या दौऱ्यातला एकही सामना न हरता तिथे पोचलेला. त्यांचा हाका, म्हणजे सामन्याआधीचा माओरी आव्हानाचा नाच, झाला आणि उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपलं वेल्श राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली. पहिला सूर मॉर्गनने लावला. मग हजारोंचा जमाव त्यात मिसळला. समोर ते धिप्पाड गडी उभे असताना सगळ्यांच्या आधी आपला आवाज काढायचा, हे मला पुढच्या धावेपेक्षाही अवघड वाटतं.

धाव आली ती हुलीतून. स्क्रममधून, म्हणजे दोन्ही संघांचे गडी खांद्याला खांदा भिडवून चेंडूसाठी रेटतात त्या गर्दीतून, चेंडू घेऊन वेल्सचा डिकी ओवेन उजवीकडे निघाला आणि न्यूझीलंडचा बचाव त्याच्या मागे सरकला. तेवढ्यात त्याने चेंडू उलटा, डावीकडे फेकला. क्लिफ प्रिचर्ड, मग ऱ्हिस गेब, मग मॉर्गन. पुढचं अंतर त्याला एकट्यालाच कापायचं होतं. तो कोपऱ्याच्या दिशेने सुटला आणि रेषेपलीकडे चेंडू टेकवला. यालाच ट्राय म्हणतात, आणि तेव्हा त्याला 3 गुण मिळत. सामना 3-0 संपला. त्या लांबलचक दौऱ्यात न्यूझीलंड हरलं ते एवढ्या एकाच वेळी.

एक वाद मात्र राहिला. न्यूझीलंडचा बॉब डीन्स रेषेपाशी पाडला गेला. आपण ट्राय केला होता, असं त्याचं म्हणणं. स्कॉटिश पंच जॉन डॅलस यांनी तो दिला नाही. डीन्स 1908 मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. 1924 मध्ये न्यूझीलंडचा संघ पुन्हा आला, तेव्हा डीन्सचा ट्राय खरा होता असं मॉर्गनने त्यांचा कर्णधार क्लिफ पोर्टर याला मेनूकार्डावर लिहून दिलं, असं सांगतात. हे खरं असेल तर आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या विजयावर त्याने स्वतःच प्रश्नचिन्ह ठेवलं. मी मुलांना हा भाग कधीच गाळत नाही.

आता तुमच्या पोराचं. पहिले काही महिने आम्ही अंगाला अंग लागू देत नाही. कमरेला पट्ट्या बांधतो, त्या ओढल्या की गडी पकडला. पाडायचं शिकवतो ते नंतर, आणि तेही गुडघ्यांवर बसून: डोकं बाजूला, खांदा समोरच्याच्या मांडीला, दोन्ही हातांची घट्ट मिठी. ठेंगणं पोर मांडीपाशी आपोआप पोचतं, उंच पोरांना तेवढं वाकायला शिकवावं लागतं.

मी वजन विचारत नाही. पहिल्या दिवशी चेंडू देतो आणि कोपऱ्याकडे पळ म्हणतो. काही मुलं अर्ध्यात थांबून मागे कोण येतंय ते बघतात, काही बघत नाहीत. तुमचा कसा आहे, ते शनिवारी सकाळी कळेल. बूट नसले तरी चालेल, पाण्याची बाटली तेवढी द्या.