गोंगाट कमी केला

महिनाअखेरचा हिशेब काढणारा जॉब (आपोआप चालणारा प्रोग्राम) रात्री दोनला पडला. लॉगमध्ये एकच तक्रार: पायथॉन भाषेच्या 'कलेक्शन्स' मॉड्यूलमधून 'मॅपिंग' हा क्लास इम्पोर्ट होत नाही. पायथॉन ३.९ वरून ३.१० वर येऊन आम्हाला अकरा दिवस झाले होते आणि सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या. (तोवर त्रास झाला तो एवढाच: सेटिंगच्या यॅमल फाईलमध्ये अवतरणचिन्हं द्यायची राहिली, आकडा समजून ३.१० चं ३.१ झालं आणि बिल्ड सर्व्हर भलतंच पायथॉन शोधत बसला.)

३.१० हवं होतं 'मॅच' या नव्या कीवर्डसाठी (कीवर्ड म्हणजे भाषेने स्वतःसाठी राखलेला शब्द). आमच्या कोडमध्ये 'मॅच' नावाची व्हेरिएबल्स शंभरेक तरी असतील. रेगेक्स (मजकुरात शोधायचा नमुना) लिहिणारा प्रत्येक जण तेच नाव देतो. एकही मोडलं नाही. कारण हा सॉफ्ट कीवर्ड: ठरावीक जागी आला तरच कीवर्ड, एरवी साधं नाव. ३.९ मध्ये नवा पेग पार्सर (कोड वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) आला म्हणून हे जमलं. ३.७ मध्ये 'असिंक' पूर्ण कीवर्ड झाला, तेव्हा त्या नावाचे पॅरामीटर असलेल्या लायब्ररी कशा धडाधड पडल्या ते मी पाहिलंय. त्यापुढे हे काम फारच देखणं.

आणि त्याच ३.१० मध्ये 'मॅपिंग'चा जुना पत्ता काढून टाकला. नवा पत्ता, 'कलेक्शन्स.एबीसी', २०१२ पासून आहे. जुना खरं तर ३.९ मध्येच जायचा होता. त्याला एक मुदतवाढ मिळाली. आमच्याकडे तो वापरत होती एक बेवारशी लायब्ररी, तीही त्या जॉबच्या एका फंक्शनच्या आत इम्पोर्ट केलेली. सर्व्हिस सुरू होताना तिला कोणी हातच लावत नव्हतं.

रात्री जॉबच्या सुरुवातीला जुन्या नावाला नवा क्लास चिकटवला. लाज वाटावी असा इलाज, पण हिशेब निघाला. सकाळच्या मीटिंगमध्ये भाषावाल्यांना शिव्या घालण्यात मीच पुढे होतो.

"पण जुना पत्ता जाणार अशी ३.७ पासून वॉर्निंग येते ना? टेस्टमध्ये दिसली कशी नाही?" टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने विचारलं. त्या जॉबची टेस्ट फार वेळ खाते म्हणून 'स्लो' ठरवून रोजच्या फेरीतून काढली होती, हे एक. दुसरं तिने गिट ब्लेम (कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणारी कमांड) चालवून शोधलं: टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टच्या सेटिंगमध्ये सगळ्या वॉर्निंग दाबणारी ओळ. २०१८ ची. माझी. कमिटचा, म्हणजे तो बदल नोंदवतानाचा मजकूर, 'गोंगाट कमी केला'. ती काहीच बोलली नाही, स्क्रीन शेअर तसाच ठेवला.

नऊ वर्षांची नोटीस पुरेशी नव्हती असं मी कुठल्या तोंडाने म्हणू? तरीही ते जुनं नाव राहिलं असतं तर कोणाचं काय अडत होतं, हा प्रश्न काही जात नाही. 'मॅच'साठी एवढी काळजी घेणाऱ्यांनाच हेही आवरून टाकावंसं वाटलं.

ती ओळ मी काढली. आता प्रत्येक फेरीला चार स्क्रीन वॉर्निंग येतात. त्यातली एक आमच्याच सेटअप फाईलमधल्या डिस्टयुटिल्सबद्दल (पॅकेज बनवायचं जुनं मॉड्यूल) आहे: ३.१२ मध्ये, २०२३ ला, ते काढलंय. तिकीट केलंय. अजून कोणी उचललेलं नाही.