हळद्याची खबरबात: चावरं पिल्लू हातावर रुळतंय

मंडळी, माझ्या पाळीव अजगराच्या पिल्लाने, हळद्याने, चावायला झेप घेणं जवळजवळ सोडलंय! पूर्वी पेटीची काच सरकवायचा अवकाश, की मान नागमोडी आखडून तो तयारच असायचा. आता फांदीवर पडल्या पडल्या जीभ लपलपवत बघतो आणि पोटाखाली हुक (साप उचलायची वाकड्या टोकाची काठी) गेला की आपणहून पुढे सरकतो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो. हळद्या म्हणजे जंगल कार्पेट पायथन, मूळचा ईशान्य क्वीन्सलंडच्या पावसाळी जंगलांतला. ऑस्ट्रेलियातून जिवंत वन्यप्राण्यांची व्यापारी निर्यात बंद आहे, त्यामुळे इथे इंग्लंडमध्ये पाळलेल्या जोड्यांचीच पिल्लं मिळतात. ती लहानपणी चावरी म्हणून बदनाम आहेत, पण त्यात राग शोधू नका. बोटाएवढ्या जाडीच्या पिल्लाला पक्षी सहज उचलून नेतो. वरून काही आलं की त्याच्या लेखी तो जिवावरचा प्रसंग. त्यात ओठांवरच्या खळग्यांना उष्णता कळते, म्हणजे अंधारातही माझा हात त्याच्यापासून लपत नाही.

म्हणून वरून हात घालणं पूर्ण बंद. आधी हुकाने अंगाच्या मध्यावर हलकेच स्पर्श, मग बाजूने, खालच्या पातळीवरून हात. डोक्याच्या वाटेला जायचंच नाही. उंदीर देताना फक्त चिमटा, हुक पेटीत आणायचाही नाही. हुक लागला की जेवण नाही, हे त्याला आता पक्कं ठाऊक झालंय.

खरी मेहनत मात्र तो शांत आहे की भीतीने थिजलाय, हे ओळखण्यात आहे. ‘बघा, हलतसुद्धा नाही’ म्हणून कौतुकाने टाकलेले व्हिडिओ पाहून मला वाईट वाटतं. थिजलेल्या सापाची जीभ बंद असते, अंग दोरखंडासारखं कडक होतं, मान आखडलेली राहते. निवांत हळद्या मनगटाला सैल वेढा घालतो, जीभ सावकाश बाहेर येते, हवेत वर-खाली हलते, आत जाते, आणि मग तो पुढच्या बोटाचा अंदाज घेतो. हे दिसलं की थोडा वेळ तसंच राहू द्यायचं आणि त्याला फांदीवर सोडायचं. झेप घेतल्या घेतल्या परत ठेवलं, तर झेपेने सुटका होते एवढंच तो शिकेल. आणि चावलाच तर हात हिसकायचा नाही. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, त्यामुळे जखम आपली फाटते आणि दात त्याचे तुटतात.

डोळे निळसर-दुधी झाले की कात पडेपर्यंत हात लावत नाही. नजर अंधुक असताना सगळेच चिडखोर होतात. जेवणानंतरही किमान ४८ तास नाहीच, नाहीतर ओकून टाकेल.

महाराष्ट्रातल्या मित्रांनो, हे सगळं वाचून धामण किंवा मांडूळ घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. आणि रानातल्या सापाला माणसाळवून त्याचं काहीही भलं होत नाही.

काळ्या पट्ट्यांमधला मळकट रंग आता खरोखर हळदीसारखा उजळू लागलाय. पुढचं काम उंच पेटीचं: उबदार टोकाला ३१ अंश, थंड टोकाला २५, आणि आडव्या फांद्या भरपूर. नव्या जागेत तो पुन्हा बावरणार, म्हणून पहिला उंदीर नीट खाईपर्यंत हाताळणी बंद ठेवतोय.