रिपोर्ट यायचाय आणि तू रेडिओ काय ऐकत बसलीयस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, कारण फोनवर प्रत्येकाला वेगवेगळं सांगून होत नाही. छातीत गाठ लागली, मॅमोग्राफी, सोनोग्राफी झाली, मग मिरजेला जाऊन बायोप्सी करून आले आणि आता रिपोर्टची वाट बघतेय. घरी येणारं प्रत्येक जण स्वयंपाकघरात रेडिओ चालू बघतं आणि विचारतं, अगं टेन्शन नाही काय येत तुला? येतं की. भरपूर येतं, रात्री तर जास्तच.

आधी एक सांगते, 'लॅबवाले उगीच लांबवतात' हे मला पटत नाही. सुईनं काढलेला तुकडा मी बघितला, जेमतेम दीड-दोन सेंटीमीटरचा, पांढरट, फॉर्मॅलिनच्या बाटलीत. त्यात तो काही तास तरी मुरावा लागतो, मग अल्कोहोलनं त्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवून ठोकळा करायचा आणि त्याचे तीन-चार मायक्रॉनचे काप काढायचे, म्हणजे एका मिलिमीटरच्या जाडीत असे अडीचशे-तीनशे काप बसतील. त्यावर जांभळा-गुलाबी रंग चढवून पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली बघणार, शंका आली तर आणखी वेगळे रंग लावून बघणार, त्याला आणखी दिवस. कुणीतरी माझा तुकडा इतक्या निगुतीनं बघतंय म्हटल्यावर घाई करा असं म्हणवत नाही मला. आणि उशीर झाला म्हणजे वाईटच निघालं असंही नसतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय.

आता रेडिओ. आमचं घर सांगलीच्या गावभागात. सांगली आकाशवाणी १९६३ ची, त्यामुळं माझ्या सगळ्या वयात ती घरात आहेच. वडील मीडियम वेव्हवर १२५१ ला काटा आणायचे आणि आवाज खरखरला की अख्खा सेट हळूहळू फिरवायचे, कारण त्याच्या आतल्या फेराइटच्या कांडीला, म्हणजे त्याच्या अँटेनाला, दिशा लागते, कुठल्या बाजूला तोंड केलं की स्वच्छ लागतं ते त्यांना पाठ होतं. पण रेडिओची खरी किंमत मला कळली ती २०१९ च्या ऑगस्टमध्ये, कृष्णेच्या महापुरात. लाइट गेलेली, मोबाईल बंद पडलेले, आणि सेलवरचा ट्रान्झिस्टर तेवढा बोलत होता. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका हे सांगलीत शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. कोयना धरणातून किती सोडलंय ते ऐकायचं, ते पाणी इथवर यायला वेळ लागतो, तेवढ्यात धान्य, कागदपत्रं, गाद्या माळ्यावर चढवायच्या आणि मग बसून राहायचं, कारण पुढचं आपल्या हातात नाही. आत्ताही मी तेच करतेय. मेडिक्लेमची फाईल लावून ठेवली, जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले, लेकीला कपाटाच्या किल्ल्या कुठं आहेत ते दाखवलं. झालं.

मोबाईलवर मी 'गाठ' हा शब्द टाकलेला नाही आणि टाकणारही नाही. एकदा टाकला की दिवसभर तेच समोर येत राहतं. रेडिओला माझी गाठ माहीत नाही. तो पुण्याहून प्रादेशिक बातम्या देतो, पाऊस सांगतो, शेतकऱ्यांना फवारणीचं सांगतो, मध्येच एखादं नाट्यगीत लागतं आणि मी पोळी तव्यावर असताना त्याच्या मागं मागं गुणगुणते. पुढचं गाणं कुठलं ते मी ठरवायचं नसतं, यात मला फार विसावा मिळतो.

आणि चारच्या पुढं मैत्रीण येते. शाळेपासूनची, हायस्कूलात इतिहास शिकवायची. रिपोर्टचं नाव काढत नाही, भडंगाचा पुडा ठेवते आणि आपलं सुरू करते. परवा मला रिक्षात घालून गणेशदुर्गाकडं, म्हणजे सांगलीच्या किल्ल्याकडं घेऊन गेली, तिथल्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि बाकीचे स्वातंत्र्यसैनिक निसटले त्याबद्दल बोलायला. भर पावसाळा, कृष्णा भरून वाहतेय, तटावरून खंदकात उड्या, मागं पोलीस. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव त्यात गेले, दादांना खांद्याला गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. हे सगळं मला ठाऊक होतं, पण ती तिथं उभी राहून हातानं दाखवत होती, इकडून असे, मग तिकडून असे, आणि पावसात तिचा चष्मा ओला झालेला पुसायचंही भान नाही तिला. तेवढा वेळ मला खरोखरच दुसरं काही आठवलं नाही. अशी मैत्रीण असणं हे मी माझं मोठं नशीब समजते. रिपोर्टच्या दिवशी मिरजेला तीच येणारे, आमच्या ह्यांना बीपी आहे म्हणून ते घरी थांबतील.

तर 'आला का गं रिपोर्ट' म्हणून रोज फोन करू नका, आला की मीच कळवीन. यायचं असेल तर चारनंतर या. आणि तुमच्या घरात आजी-आजोबांकडून ४२-४३ सालचं काही ऐकलेलं असेल, कुणाला लपवलं, कुणाला भाकरी पोचवली असलं काहीही, तर ते सांगायला या, मैत्रीण वहीत उतरवून घेतेय.